सणाला येणाऱ्यांकडे हजेरी मागू नका

"सणापुरते ख्रिस्ती" हा शब्दप्रयोग मला मुळीच आवडत नाही. दर डिसेंबरात तो कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये व्यासपीठावरून ऐकू येतो. नाताळची उपासना असते, चर्च गच्च भरलेलं असतं, व्हरांड्यात खुर्च्या टाकलेल्या असतात. आणि हे पाहून आनंद व्हायचा सोडून उपदेश करणाऱ्याला चिमटा काढायची हुक्की येते. "आज पाय ठेवायला जागा नाही, पुढच्या रविवारी बघा, बाकं रिकामी!" नियमित येणारे हसतात. मागच्या बाकावरचा, वर्षातून दोनदा येणारा माणूस मान खाली घालतो.

मंडळी, मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. गैरहजर मुलांचा राग हजर मुलांवर काढणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण जो मुलगा पंधरा दिवसांनी शाळेत आलाय, त्यालाच आल्या आल्या सगळ्या वर्गासमोर "या, या, आलात का पाहुणे!" म्हणणं हा तर त्याच्याही पुढचा मूर्खपणा. तो मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही. कशाला येईल?

हे आत्ताच लिहायला बसले त्याला कारण आहे. एका चर्चमध्ये (नाव घेत नाही, आणि कोणी विचारूही नये) कमिटीपुढे असा ठराव यायचा आहे की, गरीब फंडातून मदत हवी असेल तर त्या कुटुंबाची महिन्यातून निदान दोन रविवारची हजेरी असली पाहिजे. औषधपाणी, मुलांची फी, अंत्यविधीचा खर्च, सगळ्याला हाच नियम. म्हणजे अर्जावर आजाराच्या रकान्याशेजारी हजेरीचा रकाना! ठराव मांडणारी माणसं वाईट नाहीत, त्यातली दोघं माझ्या हाताखाली शिकलेली आहेत. पण ठराव वाईट आहे, आणि तो मेथडिस्ट म्हणवणाऱ्यांनी आणावा हे तर फारच वाईट.

आमच्या नात्यातल्या नव्या पिढीला आणि इथे येणाऱ्या बिगरख्रिस्ती ब्लॉगमित्रांना आधी थोडं सांगते. 'मेथडिस्ट' हे नावच मुळात चिडवायला ठेवलेलं होतं. अठराव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यापीठात जॉन आणि चार्ल्स वेस्ली हे भाऊ आणि त्यांचे काही मित्र ठरल्या वेळी प्रार्थना करत, उपवास करत, तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जात. सगळं कसं पद्धतशीर! म्हणून इतरांनी त्यांना हे नाव ठेवलं. भारतात ह्या पंथाची दोन घराणी आली. एक इंग्लंडकडून, ते पुढे दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साऊथ इंडियात आणि उत्तरेत १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिसळलं. दुसरं अमेरिकेकडून, त्याचं १९८१ साली स्वायत्त 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' झालं. मुंबई-पुण्याकडे मेथडिस्ट म्हणतात ते बहुतेक ह्या दुसऱ्या घराण्याचे.

आता मूळ मुद्दा. हा पंथ जन्मलाच मुळी चर्चला न येणाऱ्यांसाठी. २ एप्रिल १७३९ रोजी वेस्लीने ब्रिस्टल शहराबाहेर उघड्यावर उभं राहून उपदेश केला. त्याच्यासारख्या शिस्तीच्या पाळकाला उघड्यावर बोलणं आधी पटतच नव्हतं. पण शेजारच्या किंग्जवूडचे कोळसा खाणकामगार चर्चला येत नव्हते, येतील अशी चिन्हंही नव्हती. मग हा माणूस त्यांच्याकडे गेला. त्याने त्यांना "तुमची हजेरी किती?" असं विचारलं असतं तर आज जगात एक तरी मेथडिस्ट उरला असता का?

ठरावाच्या बाजूचे लोक म्हणतात, "वेस्लीसुद्धा शिस्तीचा होता. तीन महिन्यांनी सभासदांना तिकिटं द्यायचा, नीट न वागणाऱ्यांची नावं काढायचा." बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. पण अर्धंच सांगू नका, पुढचंही सांगा.

ही तिकिटं ज्या व्यवस्थेतून आली तिची गोष्ट अशी. १७४२ साली ब्रिस्टलच्या 'न्यू रूम' ह्या प्रार्थनागृहावर कर्ज झालं होतं. ते कसं फेडायचं ह्याची सभा भरली. फॉय नावाच्या एका दर्यावर्दी कप्तानाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही परवडणार नाही. त्यावर कप्तान म्हणाला की, सगळ्यात गरीब अकराजण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. ज्यांना जमेल ते देतील, ज्यांना जमणार नाही त्यांचे पैसे मी भरीन.

ह्यातून 'क्लास मीटिंग' सुरू झाल्या. बारा-बारा माणसांचा एक गट आणि त्याचा एक पुढारी. पुढारी पेनी गोळा करायला दारोदार गेला आणि त्याला घरातलं दिसायला लागलं. कुठे आजारपण, कुठे दारू, कुठे नवरा-बायकोचं भांडण, कुठे चूल थंड. कर्जवसुलीची युक्ती होती, तिची विचारपूस झाली. वेस्लीची शिस्त ती ही! आधी बारा घरांचे उंबरे झिजवायचे आणि मग नावाबद्दल बोलायचं. आमच्याकडे उंबरा झिजवायची तयारी नाही, नाव काढायची मात्र घाई.

शिवाय ह्या मंडळीत शिरायला अट काय होती? १७४३ साली छापलेल्या नियमांत एकच अट आहे: पापातून सुटण्याची इच्छा. हजेरी, वर्गणी, घराणं ह्यांतलं काहीच आत येण्यासाठी विचारलेलं नाही. उपासनेला यावं हे नियमांत आहे, नाही असं नाही. पण ते आत आलेल्यानं करायचं आहे. आणि त्या नियमांचा क्रम पाहा: पहिला कोणाचं वाईट करू नका, दुसरा होईल तितकं भलं करा, आणि उपासनेचा नियम तिसरा. आमचा ठराव तिसऱ्याला उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर बसवतो.

आता पैशाचं. १७४६ साली लंडनमध्ये, तोफा ओतायच्या एका जुन्या कारखान्यात वेस्लीचं केंद्र होतं. तिथे त्याने गरिबांसाठी मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, आणि छोट्या कर्जांचा एक निधी काढला. वीस शिलिंगपर्यंत उसने मिळत, तीन महिन्यांत फेडायचे. आणि १७८५ साली लंडनमध्ये मेथडिस्टांनी 'स्ट्रेंजर्स फ्रेंड सोसायटी' काढली. नावातच सगळं आलं, परक्यांची मित्रमंडळी! अनोळखी, आजारी, ज्यांचं शहरात कोणी नाही अशांसाठी ती होती. वेस्लीने स्वतः लिहून ठेवलं आहे की ही संस्था आपल्या सभासदांसाठी नाही, बाहेरच्यांसाठी आहे. वेस्लीच्या नावाने हजेरीचा नियम मागणाऱ्यांना माझी विनंती आहे, ह्या एका संस्थेचं काय करायचं ते सांगा आणि मग बोला.

बरं, रविवारी न येणारे हे लोक आहेत तरी कोण? घरी टीव्ही पाहत लोळणारे काही असतील, नाकारत नाही. पण आमच्यातल्या किती मुली नर्स आहेत ते मोजा. वॉर्डमधला पेशंट "आज रविवार आहे, सिस्टरला चर्चला जाऊ द्या" म्हणून आजारी पडायचा थांबत नाही. वॉचमन, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, मॉलमध्ये उभ्या राहणाऱ्या पोरी, हॉटेलात काम करणारे, ह्यांचा सगळ्यात गर्दीचा दिवस रविवार. धुणीभांडी करणाऱ्या बाईला रविवारी तर दुप्पट भांडी, कारण मालकांकडे पाहुणे! मराठवाड्यातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तर नाताळलाही गावात नसतात. दिवाळीच्या सुमारास निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या दोन रविवारच्या सह्या कोण घेणार, कारखान्याचा मुकादम?

म्हणजे नियमाचा मार बसणार कोणाला? ज्यांना मदतीची गरज आहे, नेमका त्यांनाच. माझ्यासारख्या पेन्शनवाल्या बाईची हजेरी बावन्न रविवार भरते. त्यात माझं पुण्य किती आणि मोकळा वेळ किती, ते देवालाच ठाऊक.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. आपल्या वाडवडिलांना लोकांनी काय काय म्हटलं ते विसरलात का? १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा दुष्काळ. मिशनऱ्यांनी अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली. तेव्हापासून "गव्हासाठी झालेले", "दुधाच्या पावडरीचे ख्रिस्ती" हे टोमणे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. मी शाळेत शिक्षकांच्या खोलीतही ऐकले. त्याला आपलं उत्तर नेहमी हेच होतं की, मदत ही मदत होती, तिला अट नव्हती, आणि श्रद्धा ही श्रद्धा होती, तिला किंमत नव्हती. आता आपणच ठराव करून लिहून देणार, की उपासनेला या आणि औषधाचे पैसे घ्या! त्याला मदत म्हणायचं नाही, त्याला हजेरीभत्ता म्हणायचं. उद्या कोणी तो कागद आपल्या तोंडावर नाचवला तर कोणत्या तोंडाने उत्तर देणार?

आता सणांकडे येते. सणाला येणं ही काय कमी प्रतीची श्रद्धा आहे? आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्याला कोणी विचारतं का, "श्रावणात कुठे होतास?" त्याचा हरिपाठ घरी चालू असतो, तो कोणाला दिसत नाही. आपलं चर्चचं वर्षसुद्धा असंच ऋतूंच्या चालीने बांधलेलं आहे. नाताळच्या आधीचे आगमनकाळाचे चार रविवार, लेंटचे चाळीस दिवस, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर. ईस्टरची तारीख तर चंद्रावर चालते: वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. शिवाय आपला पिकाचा सण. शेतातलं पहिलं धान्य, भाज्या, कोंबड्या, अंडी वेदीपुढे येतात. उपासनेनंतर लिलाव होतो आणि वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, कारण तो पैसा गरिबांसाठी असतो.

मेथडिस्टांची स्वतःची भरही पाहा. किंग्जवूडचे खाणकामगार शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवत. त्यांतले जे बदलले त्यांनी त्याच रात्री जागून प्रार्थना करायला सुरुवात केली. त्यातून जागरणाची उपासना आली. वेस्लीने ती पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी ठेवली, कारण काय, तर लोकांना परत जाताना चांदणं मिळावं! मला ही गोष्ट फार आवडते. माणूस घरी कसा जाईल ह्याचा विचार करून उपासनेची तिथी ठरवणारा तो पुढारी कुठे, आणि माणूस का आला नाही ह्याची वही ठेवणारे आम्ही कुठे. आज आपण ३१ डिसेंबरच्या रात्री जमतो ते ह्याच परंपरेतून. १७५५ साली वेस्लीने कराराची उपासना सुरू केली, स्वतःला पुन्हा देवाच्या हाती सोपवण्याची. ती पुढे वर्षातून एकदाच व्हायला लागली. एकदाच! म्हणून तिला कोणी 'सणापुरती' म्हणत नाही.

पेरणी रोज होत नाही. म्हणून शेतकरी वर्षभर शेतकरी नसतो का?

आणि मूक प्रार्थना? ती कुठल्या रकान्यात मांडणार? प्रभूने तर दार लावून एकांतात प्रार्थना करा असंच शिकवलं. वेस्लीच्या आईची, सुझॅनाची गोष्ट सांगतात. एकोणीस बाळंतपणं झालेली ती बाई, घरात पोरांचा गोंगाट. प्रार्थना करायची झाली की एप्रन डोक्यावरून ओढून घेई, आणि मुलांना कळे की आता आईला हाक मारायची नाही. आपल्याकडच्या किती आयाबाया डोक्यावर पदर घेऊन, गॅसची शेगडी बंद करून, दोन मिनिटं ओट्याला टेकून उभ्या राहतात! त्यांची हजेरी कोण घेतं?

आपल्या मुंबईचंच उदाहरण देते. जॉर्ज बोवेन १८४८ साली अमेरिकेहून मुंबईत आला. थोड्याच काळात त्याने मिशनचा पगार सोडला, कारण लोकांमध्ये त्यांच्यासारखंच राहायचं होतं. साध्या जागेत राहिला, अत्यंत थोडक्यात भागवलं, वर्तमानपत्र चालवलं, रोजच्या चिंतनाचं पुस्तक लिहिलं. विल्यम टेलर १८७१ साली मुंबईत आल्यावर इथे मेथडिस्टांचं काम उभं राहिलं, तेही घराघरांत जमणाऱ्या छोट्या गटांतून, तेव्हा बोवेन त्यांना सामील झाला. १८८८ साली मुंबईतच वारला. गेटवेजवळचं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्या नावाचं. माणसं त्याच्याकडे ओढली गेली ती त्याच्या राहण्यामुळे. त्याच पंथाच्या स्टॅन्ली जोन्सने १९३० साली नैनितालजवळ सातताल इथे आश्रम काढला. तिथल्या दिनक्रमात शांत बसून देवाचं ऐकण्याला जागा होती. आपल्याकडे हल्ली ऐकायला जागाच कुठे उरली आहे! ड्रमसेट, दोन मोठे स्पीकर, आणि माइकवर ओरडणारा एकजण. देव काय बहिरा आहे?

कोणी म्हणेल, बाई, जुने मेथडिस्टसुद्धा मोठमोठ्याने गात होते, रडत होते. होते ना. गाण्याला माझा विरोध कधीच नाही, टिळकांची भजनं मी आजही टाळ घेऊन म्हणते. पण गाणं संपल्यावर शांतताही यायला हवी. सणाला आलेला माणूस बहुधा काहीतरी ओझं घेऊन आलेला असतो. त्याला ते उतरवायला पाच मिनिटं द्या. त्या पाच मिनिटांत तुम्ही त्याला टोमणा देता!

१२ एप्रिल २०२० आठवतं? ईस्टरचा रविवार आणि सगळी चर्चेस बंद. त्या दिवशी आपण सगळेच गैरहजर होतो, पाळकसाहेबांपासून माझ्यापर्यंत. मग त्या दिवशी मंडळी नव्हती का? होती. घराघरांत होती. पुढच्या वर्षी, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात, आमच्या भागातला एक रिक्षावाला रात्री-अपरात्री लोकांना दवाखान्यात पोचवत होता. पेशंट कोणत्या धर्माचा हे विचारत नव्हता, बऱ्याच जणांकडून पैसेही घेत नव्हता. तो आमच्याच पंथाचा. नाताळ आणि गुड फ्रायडे, वर्षात एवढंच येतो, मागे उभा राहतो. उद्या त्याच्या पोराच्या फीसाठी तो अर्ज करेल तेव्हा कारकुनाने वही उघडून म्हणायचं, "तुमचे दोन रविवार भरत नाहीत"?

फंड लहान आहे, सगळ्यांना पुरणार नाही, ही अडचण मला मान्य आहे. खोटे अर्ज येतात, हेही खरं. पण त्यावर उपाय घरी जाऊन पाहणं हा आहे. भुकेची तपासणी चुलीजवळ होते, बाकावर नाही. आणि नियमित येणाऱ्यांवर अन्याय होतो म्हणता, तर विचारते, आपण येतो ते मोबदल्यासाठी का? उधळ्या मुलाच्या गोष्टीत थोरला भाऊ अंगणात रुसून उभा राहतो. त्याची तक्रार अगदी हीच होती. ती गोष्ट आपण दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी वाटतं की ती दुसऱ्या कोणाची आहे.

नुसता विरोध करून भागत नाही, म्हणून माझ्या चार सूचना. एक, अर्जावरचा हजेरीचा रकाना काढा. दोन, बारा-बारा घरांची यादी करून एकेका सभासदाकडे द्या. महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जाऊन यायचं, आणि पहिल्या भेटीत वर्गणीचा विषय काढायचा नाही. एक यादी मी घेते. गुडघे दुखतात, पण जिने चढता येतात. तीन, आठवड्यातून एका संध्याकाळी तासभर चर्च नुसतं उघडं ठेवा. उपदेश नाही, माइक नाही, ज्याला यायचं त्याने बसावं आणि जावं. ड्यूटीवरून परतणाऱ्या नर्सला हाच तिचा रविवार. चार, नाताळच्या उपदेशातून तो टोमणा कायमचा काढून टाका. त्या जागी "तुम्ही आलात, बरं वाटलं" एवढं म्हणा. फुकट आहे.

सभा आगमनकाळाच्या आधी व्हायची आहे. मी बोलणार आहे, आणि माझा विरोध इतिवृत्तात लिहून घ्यायला लावणार आहे. आमच्या घरातल्या ज्या भाचरांना, पुतण्यांना वाटतं की मावशीने ह्या वयात कमिटीच्या भानगडीत पडू नये, त्यांना सांगते: तुम्हीही वर्षातून दोनदाच येता. हे तुमच्यासाठीच चाललंय, बाळांनो. येत राहा.